दोन ते चारच्या मधले नाना

फुलंब्रीत विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी आधी लाइटवाल्यांना शिव्या द्यायचा आणि मग ती मोटार मोटारसायकलवर आडवी टाकून नानांच्या दुकानात आणायचा, असा आमच्याकडचा शिरस्ता होता. नाना मोटारी भरायचे. जळालेली वाइंडिंग उपसून काढायची, तांब्याची नवी तार भरायची, वॉर्निश पाजायचं, वाळवायचं आणि मोटार परत रानात धाडायची. लाइटचा दाब जोवर कमीजास्त होत होता तोवर नानांना मरण नव्हतं. "व्होल्टेज सारखं येऊ लागलं तर माझ्या लेकरांनी काय खावं?" असं ते चारचौघांत म्हणायचे आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही.

व्होल्टेज काही सुधारलं नाही. ऊन मात्र कामाला लागलं. 2024 साली सरकारनं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आणली आणि अद्रकीच्या, कपाशीच्या वावरांतून सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या. त्या पंपाची पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. म्हणजे मोटार बिघडली तरी नानांकडे यायचं कारण उरलं नाही. दुकानात मोटारी कमी आणि गप्पांना येणारी माणसं जास्त झाली. पुढे तीही आटली, कारण गप्पांना दोन बोलणारे लागतात आणि नानांच्या दुकानात एकच होता.

हे जरा उलगडून सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. नानांना "यंदा पाऊस कसा?" असं विचारलं तर ते गिरजा नदीच्या उगमापासून सुरुवात करतात. वाटेत सांजूळचं धरण येतं, त्या धरणात कुणी चोरून टाकलेली साडेसात एचपी येते, ती भरताना तारेचा भाव काय होता ते येतं, आणि पावसापर्यंत पोचेतो विचारणाऱ्याची एसटी निघून गेलेली असते. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या दुकानासमोरून जाताना गावातले निम्मे लोक मोबाइल कानाला लावून जायचे. समोर कुणी बोलत नसलं तरी.

अशात जळगाव रोडला दातांचा एक नवा दवाखाना निघाला. डॉक्टर म्हणजे शहरातून बीडीएस झालेली, जेमतेम सत्ताविशीची मुलगी. गाव तिला मॅडम म्हणतं. दवाखाने गावात यायच्या आधी आमच्याकडे दाढ ठणकली की लवंग, लवंगेनं भागलं नाही की मिसरी, मग शेजाऱ्यानं सांगितलेलं काहीबाही, आणि गाल अगदीच सुजून डोळा झाकला की शहरातलं सरकारी इस्पितळ, म्हणजे घाटी. घाटीच्या आवारात 1982 पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथली पायरी चढणारा मराठवाड्यातला माणूस दात वाचवायला क्वचितच जातो. तो दाताची वाट लागून गेल्यावर जातो.

मॅडमची खुर्ची महिनाभरात बंद पडली. खुर्ची म्हणतात खरं, पण तिच्यामागे एक कॉम्प्रेसर असतो. त्याची हवा आली नाही तर दाढ कोरायचं यंत्र, म्हणजे एअरोटर, फिरत नाही. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार आणि खुर्चीत पिंपळगावकडचे एक आबा अर्धी कोरलेली दाढ घेऊन तोंड वासून पडलेले. कुणीतरी नानांना बोलावलं. नानांनी मोटारीचा नुसता हुंकार ऐकला, "कंडेन्सर गेला," म्हणाले, दुकानातून एक आणून बसवला आणि हवा चालू झाली. निघताना सहज त्यांनी त्या कोरायच्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "याचा आरपीएम किती हो मॅडम?"

"तीन लाखांच्या पुढे."

नाना स्टुलावर बसले. विहिरीवरची टू-पोल मोटार मिनिटाला 2,880 फेरे घेते. जन्मभर पाटीवर तोच आकडा वाचलेला माणूस. इथं करंगळीच्या पेरापेक्षा लहान डोक्यात, नुसत्या हवेवर, तीन लाख! त्या दिवशी नानांचा जीव जडला. दातांवर नाही, एअरोटरवर.

मॅडमना मदतनीस हवाच होता. त्यांच्या मनात बारावी झालेली एखादी मुलगी होती. नानांच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. शेवटी मॅडमनी अट घातली, की रीतसर कोर्स करा, मग बघू. घरी नानांच्या वडिलांनी विचारलं, "दात कोरून कुठं पोट भरतं का रे?"

"मॅडमचं भरू राहिलं की," नाना म्हणाले.

कोर्स शहरात होता. चौका, सावंगी, हर्सूल करत एसटीनं जायचं. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी. पहिल्या दिवशी त्यांनी नानांना कुणाचे तरी वडील समजून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि पाणीही आणून दिलं. नानांनी पाणी पिऊन घेतलं, मग आत जाऊन पहिल्या बाकावर बसले.

तिथल्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, की 1948 च्या दंतवैद्यक कायद्यानं तीन माणसांची नोंद ठेवायची सोय केली: दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. 2023 साली संसदेनं नवा कायदा केला. पण जुना असो की नवा, मदतनिसानं दाताला हात लावायचा नाही. नानांनी हात वर केला. "सर, मेकॅनिकमध्ये माझं नाव टाका ना. अनुभव आहे." डेंटल मेकॅनिक म्हणजे कवळ्या बनवणारा, हे सरांनी समजावून सांगितलं. नाना हिरमुसले नाहीत. फक्त तासभर बोलले नाहीत. पोरींना काही तरी चुकल्यासारखं वाटलं म्हणे.

त्या वर्गातलं बाकीचं शिक्षण नानांना अवघड गेलं नाही, याचं कारण त्यांना ते सगळं आधीपासून येत होतं असं त्यांचं मत होतं. दवाखान्यातला कचरा रंगांच्या डब्यांत टाकायचा असतो. काढलेले दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्यात, नळ्या आणि हातमोजे लाल डब्यात, सुया पांढऱ्यात, काच निळ्यात. लाल, पिवळा, निळा हे थ्री-फेजचे रंग नानांच्या हाडांत भिनलेले. "पांढरा तेवढा नवीन," ते म्हणाले. हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर पंधरा मिनिटं चालवायचा असतो. नाना घड्याळ लावून त्याच्यापुढं बसायचे. हे ऐकून काकू, म्हणजे नानांची बायको, म्हणाल्या, "घरात कधी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत. दोनदा डाळीचा कोळसा केला. तिथं मात्र मिनिटं मोजू राहिले."

फजिती झाली ती मापं घेण्याच्या मसाल्यात. कवळीसाठी हिरड्यांचं माप घ्यायचं तर आल्जिनेट नावाची पावडर पाण्यात भराभर घोटून, ट्रेमध्ये भरून तोंडात द्यावी लागते. मिनिटा-दोन मिनिटांत ती घट्ट होते, आणि पाणी गरम असेल तर त्याहून आधी. एप्रिल महिना, फुलंब्रीच्या टाकीचं पाणी. नानांनी घोटायला घेतलं, घोटता घोटता मॅडमना आल्जिनेटवर काहीतरी सांगायला लागले, आणि वाक्य संपायच्या आत वाटीतच माप तयार झालं. वाटीचं. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात माठ आला.

पण खरी गंमत जागेची. दातांच्या कामात डॉक्टर आणि मदतनीस यांच्या जागा घड्याळाच्या काट्यांवर ठरलेल्या असतात. पेशंटचं तोंड हा घड्याळाचा मध्य, डोक्याच्या मागे बारा. उजव्या हाताचा डॉक्टर सात ते बाराच्या मध्ये फिरतो. मदतनिसाची जागा समोरच्या बाजूला, दोन ते चारच्या मध्ये. कोर्स सुरू असतानाच कामावर घेतलं त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "नाना, उद्यापासून तुम्ही दोन ते चार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दवाखाना उघडला, तर नाना नाहीत. फोन उचलेनात. दुपारी दोनला एक मिनिट कमी असताना आंघोळ करून, केस चापून हजर. "दोन तासांचाच पगार द्या," म्हणाले, "मी काय जास्तीचं मागत नाही." हा किस्सा मॅडम कुणाला सांगत नाहीत. नाना स्वतःच सांगतात, आणि चूक घड्याळाची होती असं सांगतात.

सक्शनची नळी हाती आली तेव्हा त्यांना माहेरी आल्यासारखं झालं. तोंडातलं पाणी आणि थुंकी ओढून घ्यायची, एवढंच तिचं काम. पण ती गालाला चिकटली की गाल ओढते. पहिल्याच दिवशी एका मावशींच्या जिभेला ती चिकटली. मावशी हातवारे करू लागल्या. नाना शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, फुटव्हॉल्व्हला कचरा आला," आणि नळी सोडवली.

मात्र एका बाबतीत हा माणूस बदललाय, आणि ते मला मोठं वाटतं. दुकानात नानांच्या हाताखाली पोरं असायची. नाना मोटारीत डोकं घालून हात मागे करायचे आणि "दहा-अकराचा पाना!" असं ओरडायचे. बारा-तेराचा आला की पोराचा उद्धार व्हायचा. त्या दुकानात पोरं टिकत नसत. आता हात पुढे करते ती मॅडम. काय हवं ते तोंडानं मागायचं नाही, पेशंट घाबरतो, असं शिकवलेलं. इंजेक्शन मॅडमच्या हाती द्यायचं ते हनुवटीखालून, पेशंटला सुई दिसणार नाही असं. नाना ते बिनबोभाट देतात. मॅडमचा हात वळायच्या आत प्रोब त्यांच्या बोटांत असतो. तेवढ्या मिनिटांपुरते नाना बोलत नाहीत. आपल्या जुन्या पोरांपैकी एक सिल्लोडला भेटला तेव्हा नानांनी त्याला चहा पाजला, असं ऐकलं. का पाजला ते त्या पोराला अजून कळलेलं नाही.

बाकी वेळ भरून निघतो. दाढ काढल्यावर डॉक्टर जखमेवर कापूस ठेवतात आणि सांगतात: अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा, थुंकू नका, बोलू नका. नानांच्या आयुष्यात असा माणूस पहिल्यांदा आला. ऐकणारा, उठून न जाणारा, आणि मध्ये न बोलणारा. तो बाहेरच्या बाकावर बसला की नाना शेजारी बसतात. आधी दाताचं सांगतात: चोवीस तास चूळ भरू नका, तंबाखू तर नाहीच, थंड खा. मग गिरजा नदी. पेशंट हुंकार देतो. नाना तो होकार समजतात. एका आबांनी अर्ध्या तासानं कापूस काढून टाकला आणि रक्त पुन्हा सुरू झालं तरी "मी जातो" म्हणाले, अशी नोंद दवाखान्यात आहे.

तरी हे मान्य करायला हवं, की नाना नसते तर निम्मे पेशंट त्या खुर्चीपर्यंत पोचलेच नसते. नानांना वर्गात एक गोष्ट सांगितली होती. 1885 साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स नावाच्या दंतवैद्यानं मदतीला एक बाई नेमली. त्या काळी बाईमाणसानं एकटीनं दंतवैद्याकडे जाणं बरं दिसत नसे. आत मदतीला बाई आहे हे कळल्यावर बायका निर्धास्त येऊ लागल्या. नानांनी ही गोष्ट मॅडमना सांगितली आणि बाहेर 'जेंट्स असिस्टंट उपलब्ध' अशी पाटी लावायचं सुचवलं. मॅडम हसल्या. पण नानांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडचा मिशीवाला गडी लेकीच्या वयाच्या पोरीपुढं तोंड उघडायला लाजतो. आतला तंबाखूचा कारभार दिसेल म्हणून. नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. "माझ्यापुढं कशाची लाज? तुमची विहीर मी आतून बघितली." गडी तोंड उघडतो.

आणि वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज तर आमच्याकडे शाळामास्तरांच्या घरातही पक्का. मॅडमनी शास्त्र सांगून पाहिलं. नाना पुढं झाले. "आजी, डोळ्याची वायर दोन नंबरची, दाताची पाच नंबरची. मेंदूतून दोन्ही वेगळ्या निघतात. स्वयंपाकघराचा फ्यूज काढला तर गोठ्यातला बल्ब जातो का?" आजी विचार करून म्हणाल्या, "आमच्या घरी जातो." मॅडमनी आजींची दाढ काढल्यावर नानांनी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन वायरिंगही नीट करून दिलं. यातलं शास्त्र मात्र बिनचूक आहे. दृष्टीचा मज्जातंतू दुसरा, दातांचा पाचवा.

आकड्यांनी मात्र नानांना झपाटलं. तोंडाचे चार भाग, प्रत्येकात आठ दात. पेशंटच्या वर उजवीकडे 11 ते 18, वर डावीकडे 21 ते 28, खाली डावीकडे 31 ते 38, खाली उजवीकडे 41 ते 48. नानांना आता माणसांची नावं आठवत नाहीत. "तो नाही का, 46 वर टोपी बसवलेला," असं म्हणतात, आणि तो तलाठी असतो. मुलांच्या शाळेपाशी उभे राहून ते आयांना सांगतात, की सहाव्या वर्षी मागं जी पहिली दाढ येते ती दुधाची नाही, ती कायमची आहे, ती पडून दुसरी येणार नाही. बायका पदर सावरत पुढं निघून जातात. त्यातल्या दोघीतिघी पोरांना घेऊन दवाखान्यात येतात. मॅडमच्या मते एवढ्यावर पगार वसूल झाला.

सोयरिकीचं प्रकरण गावभर झालं. वडोद बाजारकडचा मुलगा बघायला नाना मुलीकडून गेले होते. पोहे झाले, शेती किती ते झालं. मग नाना मुलाला म्हणाले, "जरा आ करा." तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घातली. धडधाकट माणसाच्या तोंडात ती आरामात जातात. मुलाच्या तोंडात दोनच गेली, तीही रडतखडत. "पुडी कधीपासून?" नानांनी विचारलं. राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे. पुडी कुठं मिळते ते मात्र प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे. सुपारी-गुटख्यानं गालाच्या आतली कातडी आखडते. ती पहिल्यासारखी होत नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो. हे नानांनी भर बैठकीत सांगितलं. मुलाचा मामा उसळला. "सोयरिकीला आला का बैलबाजारात?"

"बैल गुटखा खात नाही," नाना म्हणाले.

बैठक उठली. पण मुलगा आठवड्यानं एकटाच दवाखान्यात आला. पुडी सोडली, औषधं घेतली, तोंडात लाकडी पट्ट्या धरून व्यायाम केला. लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. नानांना आहेरात टोपी-उपरणं मिळालं. नवरदेव अजून त्यांच्याशी बोलत नाही.

नानांची स्वतःची दाढ काढायची वेळ आली तेव्हा दवाखान्यात गर्दी झाली. 38, अक्कलदाढ, आडवी. सगळ्यांना वाटलं आता भित्रेपणा बघायला मिळणार. तसं काही झालं नाही. नाना खुर्चीत पडून एअरोटरचा आवाज ऐकत होते आणि बेअरिंग बदलायला झालंय असं बोटानं खुणावत होते. दाढ निघाली. कापूस ठेवला. "नाना, पाऊण तास. बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. नाना बाकावर जाऊन बसले.

तेवढ्यात काकू आल्या. मुद्दाम आल्या होत्या. पदर खोचून शेजारी बसल्या आणि लग्नापासून सुरू झाल्या. बस्त्यातल्या साडीचा रंग, जळालेली डाळ, दुकानाचं थकलेलं भाडं, सासऱ्यांचा चष्मा, दोन ते चारची नोकरी. पाऊण तासात त्यांनी एकदाही श्वास घ्यायला थांबल्याचं कुणाला आठवत नाही. वाट बघणाऱ्या पेशंटांपैकी एकही आत जायला उठला नाही. नानांनी मध्येच कापसाला हात घातला तेव्हा काकूंनी त्यांचा हात खाली केला. "मॅडम काय म्हणल्या?"

तेव्हा फुलंब्रीकडे येणं झालं आणि दाढ दुखत असली तर जळगाव रोडच्या त्या दवाखान्यात खुशाल जा. मॅडमचा हात हलका आहे आणि नाना धीर देतात. फक्त मंगळवारी जाऊ नका. मंगळवारी मॅडम शहरात असतात आणि दवाखान्यात नाना एकटे. ते तुमच्या दाताला हात लावणार नाहीत, कायदा त्यांना पाठ आहे. पण तपासून ठेवतो म्हणून खुर्चीत बसवतील, खुर्ची आडवी करतील, आणि ती परत सरळ करायचं बटण कुठं आहे हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.